भाड्याचा उजेड

समीक्षाला एका जागी बसवत नाही, ही तिच्या सासूची जुनी तक्रार. भाकरी तव्यावर टाकून ती दारात जाणार, दारात गेली की समोरच्या भिंतीवर ऊन कुठवर आलंय ते बघत उभी राहणार, आणि इकडं भाकरी करपणार. सासू धोंडुबाई म्हणायची, "आमी मेंढरामागं घाट उतरून आलो, पर हिच्याएवढं चाललो न्हाई. ही घरातल्या घरात चालतीया."

यंदा दिवाळी सरली तशी ही येरझार वाढली, आणि त्याला कारणही तसंच होतं.

समीक्षा विट्यात राहते आणि विकायच्या मालाचे फोटो काढते. लग्नाचे नाहीत, बारशाचे नाहीत, फक्त मालाचे. बेदाणा, हळद, काकवी, आणि मुख्य म्हणजे घोंगडी. घोंगडी साताऱ्याच्या संयोगिताबाई विकतात. आटपाडी-जतकडच्या विणकरांकडून त्या माल घेतात आणि इंटरनेटवर फोटो दाखवून मुंबई-पुण्याला पाठवतात. तिथलं गिऱ्हाईक घोंगडं हातात घेऊन बघत नाही, समीक्षाचा फोटो बघतं. म्हणजे फोटोत दिसलं तेच घरी पोचलं पाहिजे, एवढीच त्या कामाची अट. सांगायला एवढीशी आणि सांभाळायला अवघड.

दिवाळीनंतर संयोगिताबाईंनी तिला साताऱ्याला बोलावून घेतलं आणि दुकानामागच्या खोलीत परत आलेल्या घोंगड्यांची थप्पी दाखवली.

"काय म्हणतात लोक?" समीक्षानं विचारलं.

"फोटोत तांबूस दिसतं, आलं ते काळंकुट्ट, म्हणतात. एकीनं तर लिहिलंय, दुसराच माल पाठवला." बाईंचा आवाज चढला नव्हता. "विणकरानं विणायचं तसं विणलंय. मी पाठवायचं तेच पाठवलंय. मग चुकलं कुठं, ते तू सांग."

"माझ्याकडं चुकलं," समीक्षा म्हणाली.

"संक्रांतीला नवीन माल येतोय. त्याचे रंग बरोबर आले तर वर्षभराचं काम तुझं. नाहीतर मी पुण्याच्या स्टुडिओत माल देईन. राग मानू नकोस."

राग मानण्यासारखं काही नव्हतं. पण हे काम गेलं तर तिचं निम्म्याहून अधिक काम जात होतं, आणि मग पुन्हा जुन्या मालकाच्या स्टुडिओत अल्बमच्या टेबलावर जाऊन बसायचं. नवरानवरीच्या चेहऱ्यावरचे फोड पुसत तिनं तिथं ऐन उमेदीची वर्षं काढली होती. ते टेबल सोडून ती स्वतःच्या हिमतीवर उभी राहिली, त्याला अजून फार दिवस झाले नव्हते.

परतीच्या एसटीत तिनं एक घोंगडं मांडीवर घेतलं आणि खिडकीच्या उजेडात मोबाइलमधला त्याचाच फोटो त्याच्याशेजारी धरला. चूक कुणालाही दिसली असती. शेजारच्या सीटवरची बाई म्हणाली, "ह्यो याचा फोटो व्हय? मला वाटलं येगळंच कायतरी हाय."

दोष जागेचा होता आणि तो तिला आधीपासून माहीत होता. किराणा दुकानावरची एक खोली तिनं भाड्यानं घेतली होती. खोलीला मालकानं पोराच्या लग्नात पोपटी ऑइलपेंट दिलेला. पांढरा देऊ का, असं तिनं विचारलं होतं. मालक म्हणाला, "पांढरी भित? दवाखाना काडायचाय व्हय?" मग तिनं भिंतींना पांढऱ्या चादरी टाचल्या. पण छत पोपटीच राहिलं, आणि दुपारनंतर समोरच्या मोबाइल दुकानाच्या लाल बोर्डावरनं ऊन उलटून आत यायचं. उजेड जिथं आपटतो तिथला रंग घेऊन येतो. घोंगड्यावर हिरवट झाक यायची, ती काढायला ती कॉम्प्युटरवर रंग फिरवायची, आणि हिरवं गेलं की काळ्या लोकरीत तांबडं उतरायचं. फ्लॅश मारून बघितला तर लोकर प्लास्टिकसारखी दिसायची. लोकरीला दम धरून घेतलेला, सावकाश उजेडच लागतो.

समीक्षा मूळची आटपाडी तालुक्यातली. बाप मेंढरं घेऊन फिरायचा, ती विट्यात वसतिगृहात राहून शिकली. नवरा रविराज सोनं-चांदी गाळायच्या, म्हणजे गलाईच्या, कामाला तमिळनाडूत, सेलमला. वर्षातून एकदा येतो. घरात ती आणि सासू. लोकरीचा रंग तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. काळं मेंढरू म्हणजे नुसतं काळं नसतं. उन्हात चरून त्याच्या लोकरीची टोकं भुरकट झालेली असतात, आणि तो भुरकटपणा घोंगड्यातही राहतो. हे सगळं डोळ्याला दिसायचं आणि फोटोत यायचं नाही. त्यानं ती हैराण व्हायची.

जागा शोधायला सुरुवात केली तेव्हा धोंडुबाई बरोबर निघाली. एक तर घोंगड्यांचं गठुडं, कॅमेऱ्याचा तिपाई स्टँड आणि टांगायची काठी एकटीनं उचलून जिने चढणं होत नव्हतं. दुसरं कारण धोंडुबाईनंच सांगितलं, "येकटी बाई खोली बघाय गेली की लोक भाडं सांगायच्या आदी नवरा कुठाय ते इचारत्यात. मी आसली की मला गुडघं कसं हायत ते इचारतील."

समीक्षाची बघायची रीत एकच होती. मालक जागा दाखवत असताना ती भिंतीकडं, फरशीकडं बघायची नाही. गठुडं सोडायची, एक काळं आणि एक पांढरं घोंगडं टांगायची, फोटो काढायची आणि तिथंच डोळ्यानं ताडून बघायची. दरवेळी सगळं वर न्यायचं, सोडायचं, टांगायचं, पुन्हा घडी घालून बांधायचं. हे काम न करता जागा पसंत करणं म्हणजे बैल न जुंपता विकत घेणं. मालक लोक कंटाळायचे.

शिकवणीच्या क्लासची एक खोली मिळत होती. वर निळा प्लास्टिकचा पत्रा. पांढरं घोंगडं आभाळागत निळं दिसलं. खानापूर रस्त्यावर एक गाळा मिळत होता. उजेड बरा, पण ट्रक गेला की धूळ आत, आणि लोकर धूळ सोडत नाही. तासगावकडं बेदाणा वाळवायची शेड बघायला दोघी एसटीनं गेल्या. हंगाम नव्हता, रॅक मोकळे होते, चहूबाजूंनी मऊ उजेड. समीक्षानं झटक्यात गठुडं सोडलं. मग तिनं फोटो काढला. शेडच्या कडंनं हिरवी जाळी, सगळा उजेड त्या जाळीतनं गाळून आलेला.

"आत्ती, ह्यो बी हिरवाच," ती म्हणाली.

"मग हिरवी घोंगडी इणाया सांगावी तुझ्या सातारकरणीला," धोंडुबाई म्हणाली आणि गठुडं डोक्यावर घेतलं.

डिसेंबर लागला. समीक्षा जेवताना उठायची ती परत ताटावर यायचीच असं नाही. रात्री अंथरुणात तिला खिडक्या दिसायच्या. रस्त्यानं जाताना लोकांच्या घरात डोकवायची आणि घरातली माणसं दारात येऊन कोण पाहिजे म्हणून विचारायची.

अशात एका ओळखीच्यानं बंगल्याचं सांगितलं. विट्याजवळच्या एका गावात, गलाईतल्या माणसानं बांधलेला. त्या भागात असे बंगले पुष्कळ. पैसा केरळात मिळतो, बंगला गावात बांधतात, आणि बंगला वर्षभर कुलपात राहतो. मालकानं फोनवर हो म्हटलं. किल्ली त्याच्या वडलांकडं होती. म्हातारे हंबीरराव आणि त्यांची बायको बनुबाई बंगल्यात राहत नव्हते. मागच्या जुन्या दोन खोल्यांत राहायचे, बंगला झाडायला तेवढे आत यायचे.

हंबीररावांनी हॉलचं दार उघडलं आणि समीक्षा उंबऱ्यातच थांबली. भिंती मळकट पांढऱ्या. उत्तरेला भलीमोठी खिडकी, समोर मोकळं रान, कुणाचा बोर्ड नाही. फक्त फरशी आरशासारखी चकचकीत होती. ती झाकून बघावी म्हणून तिनं नवं पांढरं घोंगडं काढलं आणि खिडकीसमोर जमिनीवर नीट अंथरलं. कोपरे ओढले, सुरकुती काढली आणि स्टँड लावायला वळली.

वळून बघते तर हंबीररावांनी पायताण बाहेर काढलेलं, घोंगड्याला हात लावून तो कपाळाला लावलेला, आणि ते बरोबर मधोमध मांडी घालून बसलेले.

"बसा की," ते धोंडुबाईला म्हणाले. "उब्या का?"

समीक्षानं सासूकडं बघितलं. धोंडुबाईनं डोळ्यांनीच गप म्हणून सांगितलं. त्या मुलखात घोंगडं अंथरतात ते माणसाला मान द्यायला, देवाला बसवायला, नाहीतर चार जणांत बोलणं करायला. अंथरलेल्या घोंगड्यावर बसलेल्याला ऊठ म्हणत नाहीत. फोटोसाठीही घोंगडं अंथरतात हे हंबीररावांना माहीत नव्हतं, आणि समीक्षाला ते सांगायला उशीर झाला होता.

धोंडुबाई कडेला टेकली. "पाव्हणं, मेंढरं हुती का तुमच्यात कवा?"

"मेंढरं न्हाईत, बैलं. पर माझ्या आज्याचं घोंगडं हुतं. थंडीत त्यात आमी तिगंजन मावायचो. आता पोरगा रग पाठवतुया. गुळगुळीत. रातच्याला अंगावरनं पळून जातुया." ते खिडकीकडं बघत हसले. "ह्या हालात मी पयल्यांदाच बसलो बगा. सोफ्यावर बसवत न्हाई, फरशीवर पाय घसरतुया."

समीक्षा स्टँडचा एक पाय लांब करत होती, मग आखूड करत होती. खिडकीतला उजेड चांगल्यातला चांगला होता आणि तो हंबीररावांच्या पाठीवर पडला होता. ते आज्याच्या बैलांवरून विहिरीवर आले, विहिरीवरून पोराच्या लग्नावर. तिनं एकदा म्हटलं, "आजोबा, जरा ह्या बाजूला सरकता का?" ते म्हणाले, "व्हय व्हय," आणि तिला बसायला जागा केली.

मग बनुबाई आल्या. दारातून त्यांनी बघितलं. हंबीरराव बसलेले, धनगराची बाई बसलेली, खाली पांढरंशुभ्र कोरं घोंगडं. त्या तशाच मागं फिरल्या आणि देवघरातून वाटी घेऊन आल्या. समीक्षा हात पुढं करेपर्यंत त्यांनी घोंगड्याच्या चारही कोपऱ्यांवर आणि मधे मूठ मूठ भंडारा उधळला होता. भंडारा म्हणजे हळदच. कोऱ्या पांढऱ्या लोकरीवर.

"घरात पांढरं घोंगडं आलं," बनुबाई म्हणाल्या. "तसंच कसं उचलायचं?"

चहा झाला. निघताना हंबीरराव म्हणाले, "भाड्याचं काय न्हाई, पोरी, पोराशी बोल. पर येत जावा. तू रोज हातर, आमी रोज बसू."

दोघी वाटेला लागल्या. गठुडं धोंडुबाईच्या डोक्यावर होतं, पिवळं झालेलं घोंगडं समीक्षानं वेगळं हातावर घेतलं होतं.

"चार दिस उनात टाकलं की हळद उडती," धोंडुबाई म्हणाली.

"ते उडंल. पर तितं काम हुणार न्हाई, आत्ती. मी रोज त्यास्नी उठवू कशी?"

"न्हाईच उठवायचं. वरसातनं येक पाव्हणा बी त्यांच्या दारात येत न्हाई." थोडं पुढं गेल्यावर ती पुन्हा म्हणाली, "जागा घावली तर तितं म्हातारा निघतुया. तुझं नशीबच माणसाळलेलं हाय."

समीक्षाला हसू आलं नाही. इतकी चांगली खिडकी सोडून आलो, याची रुखरुख तिला दोन दिवस होती. दुसरी रुखरुख पुढं वाट बघत होती.

ती अशी. एके सकाळी दळण घेऊन येताना यंत्रमागांच्या गल्लीत एक ट्रक आडवा लावलेला होता. एका शेडमधले जुने माग भंगारवाले उचलून ट्रकात घालत होते. वाट मोकळी व्हायची म्हणून समीक्षा थांबली आणि सवयीनं आत बघितलं. चार-पाच माणसं लोखंड ओढत होती आणि त्यातल्या एकाच्याही पायाशी सावली नव्हती.

तिनं पिठाचा डबा खाली ठेवला आणि आत गेली.

छप्पर करवतीच्या दात्यांसारखं होतं. प्रत्येक दात्याची उभी बाजू उत्तरेला, आणि तिला काचा. ऊन कुठूनच थेट येत नव्हतं, उजेड मात्र सगळीकडं सारखा. तो खाली पडत नव्हता, नुसता भरून राहिला होता. भिंती चुन्याच्या, धुरकट, करड्या. कापडातला तुटलेला धागा माणसाला दिसावा म्हणून कुणीतरी जुन्या काळी असं छप्पर बांधलं होतं.

शेडचे मालक उदयसिंह दारातच खुर्ची टाकून बसले होते. माग विकल्यावर अर्धी शेड मोकळी पडत होती. मधे विटांची भिंत, भिंतीपलीकडच्या अर्ध्या भागात ज्ञानू नावाचा माणूस भाड्याच्या मागांवर दुसऱ्याच्या सुताचं कापड विणून द्यायचा. मोकळ्या भागात काय करायचं ते उदयसिंहांचं ठरलं नव्हतं.

"फोटो?" ते म्हणाले. "ह्या कळकट शेडात? लोक तर चकचकीत जागा शोधत्यात."

"मी चकचकीत बघून आले," समीक्षा म्हणाली.

त्याच दुपारी दोघी सामान घेऊन आल्या. काळं टांगलं, पांढरं टांगलं, करडं टांगलं. फोटो काढून मोबाइलवर घेतला आणि समीक्षानं मोबाइल लोकरीला लावून धरला. काळ्याच्या टोकावरचा भुरकट रंग फोटोत जसाच्या तसा होता. तिनं सासूला दाखवलं. धोंडुबाईनं लांब धरलं, जवळ धरलं आणि म्हणाली, "ह्ये आपलंच हाय."

मग समीक्षानं फोटो मोठा करून बघितला. रंग बरोबर होता, पण लोकरीचा एकही केस दिसत नव्हता. सगळं लोण्यानं सारवल्यासारखं. तिला वाटलं कॅमेऱ्याला हात लागला. दुसरा काढला, तिसरा काढला. तेच. मग तिनं तपेलीत पाणी घेऊन जमिनीवर ठेवलं. पाण्यावर बारीक कडी उठत होती, विरत होती, पुन्हा उठत होती. भिंतीपलीकडं ज्ञानूचे माग चालू होते. खडखडाटाकडं विट्यात कुणाचं लक्ष जात नाही. तो नसला की जातं. जमीन थरथरत होती, आणि अशा सावकाश उजेडात कॅमेऱ्याचा डोळा जरा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो, तेवढ्यात काही हललं की फोटो पुसट होतो.

पुढचे दिवस त्या दोघींनी थरथर मारण्यात घातले. स्टँडच्या पायांखाली टायरचे तुकडे ठेवले. ओढ्यातली वाळू पोत्यांत भरली, हातगाड्यानं आणली, पोत्यांवर फळी, फळीवर स्टँड. कॅमेरा निम्मा शांत झाला. पण टांगलेलं घोंगडं हलत होतं. ते खाली वाळूवर अंथरलं तर वाळू लोकरीत गेली आणि ती झटकता झटकता धोंडुबाईचे खांदे भरून आले. कष्ट कमी पडले असं कुणी म्हणू शकलं नसतं. कष्टानं व्हायचं ते झालं होतं. उरलेलं कष्टानं होणारं नव्हतं.

उदयसिंहांनी हे सगळं खुर्चीतनं बघितलं आणि एके दिवशी म्हणाले, "कशाला वाळू वाहतीयास? सोपं हाय. तुला फोटो काडायचा असला की भितीवर थाप मार. ज्ञानू माग बंद करंल. तुझं झालं की परत चालू. मी सांगून ठेवतो. जागा माझीच हाय, माग बी माझंच."

महिनाभरात इतकं सरळ कुणी तिच्याशी बोललं नव्हतं. संक्रांत तोंडावर आली होती. रंग मिळाला, जागा मिळाली, आता थाप मारायची तेवढी राहिली. समीक्षा घरी गेली आणि त्या संध्याकाळी भाकरी करपली नाही, कारण ती करायलाच विसरली.

सकाळी ती भिंतीपलीकडं गेली. ज्ञानू पन्नाशीचा, कानाला मफलर. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला त्याची बायको. दोघं धावतच काम करत होती. एका मागाचा धागा तुटला की हा जोडणार, दुसऱ्या मागाचं सूत सरलं की ती भरणार. बोलायला ओरडावं लागत होतं.

"मालकांनी सांगितलं का तुमाला?"

"सांगितलंय, ताई. तुमी थाप मारायची, आमी थांबवायचं."

"थांबवलं की काय हुतं?"

ज्ञानूनं तिच्याकडं बघितलं. हे त्याला कुणी विचारलं नसावं. त्यानं विणलेल्या कापडाचा काठ वर उचलला आणि एक आडवी, जराशी विरळ रेघ बोटानं दाखवली. "परवा लाइट गेलती, तवाचं हाय ह्ये. माग थांबून परत सुरू झाला की तितं रेग पडती. येकादी पडली तर व्यापारी बोलतुया. लय पडल्या की तागा परत टाकतुया."

"मग तुमी मालकांना सांगितलं न्हाई?"

"काय सांगायचं?" तो म्हणाला. रागानं नाही. "जागा त्यांची. थांबवायचं म्हटल्यावर थांबवायचं की."

बायकोनं पलीकडून हाक मारली आणि तो धागा जोडायला पळाला. समीक्षा तिथंच उभी राहिली. साताऱ्याच्या खोलीतली परत आलेली थप्पी तिच्या डोळ्यांसमोर आली. तिची थप्पी उचलून ज्ञानूच्या दारात नेऊन ठेवायची, एवढंच ह्या थापेनं होणार होतं.

तो परत आल्यावर तिनं विचारलं, "आपणहून कवा थांबतं तुमचं?"

"बाजाराच्या दिशी. गल्लीत कुणाचंच चालत न्हाई त्या दिशी."

"दिसभर?"

"दिसभर. आमाला बी भाजी आणायला नगं?"

उदयसिंहांना तिनं सांगितलं की जागा घेते, पण थाप मारणार नाही. बाजाराच्या दिवशी येईन. भाड्याचं त्यांनीच ठरवावं. ते म्हणाले, "तुझी मर्जी. भाडं मात्र म्हैन्याचं, दिसाचं न्हाई." पुष्कळ ओढाताण करून त्यांनी थोडं कमी केलं, तेही मोकळी शेड झाडून ठेवायच्या बोलीवर.

धोंडुबाई ऐकून घेत होती. बाहेर पडल्यावर म्हणाली, "हप्त्यातनं येक दिस. आन बाकीच्या दिशी त्या भाड्यात काय घालायचं, उंदरं?"

"एवढंच जमतंय, आत्ती."

"जमतंय म्हन. सातारकरीण जमू दिल तवा खरं."

संक्रांतीचा माल आला आणि बाजाराचा दिवस उजाडला. गल्ली ओळखू येईना. माग बंद पडले की तिथं चिमण्या आहेत हे कळतं. समीक्षानं तपेलीत पाणी ठेवलं. पाणी हललं नाही. मग ती दिवसभर खाली बसली नाही. धोंडुबाई घोंगडं उलगडून टांगायची, समीक्षा कोपरे सरळ करायची, फोटो, जवळचा फोटो, विणीचा फोटो, उतरायचं, घडी, पुढचं. धोंडुबाईचे हात दुखले की ती थांबत नव्हती, फक्त शिव्या देत होती, मेंढराला, विणकराला, सातारकरणीला, क्रमानं. दुपारी ढगाचा एक पट्टा आला आणि समीक्षा छपराकडं बघत येरझार घालत राहिली, जाईपर्यंत. उन्हं कलली, काचांतला उजेड निळसर व्हायला लागला तेव्हा तिनं स्वतःच हात थांबवला. निम्मा माल झाला होता. अजून उजेड होता, पण खरा नव्हता.

फोटो पाठवून तिनं साताऱ्याला फोन लावला.

"निम्मंच?" संयोगिताबाई म्हणाल्या. "बाकीचे उद्या?"

"पुढच्या बाजारी."

"समीक्षा, पुण्यात दोन दिवसांत करून देतात सगळं."

"देत असतील. बाई, ह्याच विणीचं काळं तुमच्याकडं मागच्या मालातलं हाय ना? ते दारात उजेडाला न्या आणि फोटो शेजारी धरा. मग सांगा."

"आत्ता अंधारलंय इथं."

"मग सकाळी बघा."

ती रात्र समीक्षानं कशी काढली ते धोंडुबाईला विचारावं. सकाळी भाकरी तव्यावर असतानाच फोन वाजला.

"बघितलं," संयोगिताबाई म्हणाल्या. "ह्याच्या टोकाला असं भुरकं असतं होय? आजवर मी नीट बघितलंच नव्हतं."

"असतं."

"लोक परत नाही पाठवणार?"

"कोण पाठवंल कोण न्हाई, मला सांगता यायचं न्हाई. पर घरी जाईल ते फोटोतलंच जाईल."

"बरं. उरलेलं पुढच्या बाजारी दे. आणि समीक्षा, वर्षाचं म्हणाले होते ते सांभाळू आपण. पण माल जास्त आला तर तुझा एक दिवस पुरायचा नाही."

"ते मी बघते," ती म्हणाली. कसं बघणार ते तिला ठाऊक नव्हतं.

फोन ठेवून ती चपला घालायला लागली.

"आता कुठं?" धोंडुबाईनं विचारलं. "बाजार हाय हप्त्यानं."

"शेडवर. वरच्या काचा कितीतरी वरसं कुणी पुसल्या न्हाईत. पुसल्या तर उजेड संध्याकाळी जरा जास्त टिकंल. चार घोंगडी जास्त हुतील."

"आन शिडी?"

"ज्ञानूकडं आसंल."

धोंडुबाईनं तव्यावरची भाकरी उलटली, दोन भाकरी फडक्यात बांधल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "शिडी धराय कोण उबं राहणार हाय तिथं? थांब जरा."

पण समीक्षा तोवर गल्लीच्या कोपऱ्यावर पोचली होती.